सुरक्षित वाटेचा शोध

सांगली आणि मिरज ह्या दोन शहरांना लागून कुपवाड हे गाव आहे. ह्या गावाच्या शिवारात कालांतराने औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९९८ साली सांगली, मिरज व कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. अशा वसाहतीच्या रस्त्यावर काही वेळ उभे राहिले, तर मालाने भरलेल्या अनेक मोटारी जाताना दिसतात. त्यांत एखादी लांबट, गोल टाकीची मोटारही असते. तिच्या पाठीमागे व दोन्ही बाजूंस कोनावर उभ्या केलेल्या चौकोनासारखी एक पाटी लावलेली असते. त्या पाटीवर कधी ज्वाळेचे चित्र असते, कधी कवटीचे, तर कधी तेजाबाने झिजणाऱ्या हाताचे. आत जो पदार्थ आहे तो माणसाच्या उपयोगाचा आहे, परंतु जपून न नेल्यास तोच माणसाच्या जिवावर उठेल, एवढे ती पाटी न बोलता सांगते.

धोकादायक पदार्थ कसा भरावा, कोणत्या वाटेने न्यावा, कोणत्या वस्तूपासून दूर ठेवावा, हे शहाणपण माणसाला सहज मिळालेले नाही. त्यासाठी अनेकांचे प्राण गेले आहेत. ज्या माणसाच्या चरित्रात ही शिकवण सर्वांत ठळकपणे उमटली आहे, त्याचे नाव आल्फ्रेड नोबेल. नोबेल पारितोषिकामुळे हे नाव आज जगात सर्वांच्या ओठी आहे. परंतु ते पारितोषिक त्याच्या आयुष्याच्या अखेरची गोष्ट होय. त्याचे उभे आयुष्य एका प्रश्नाशी झगडण्यात गेले. प्रचंड शक्ती असलेले द्रव्य माणसाच्या हाती द्यायचे, पण त्या हातांना इजा होऊ द्यायची नाही, हे कसे साधावे, हा तो प्रश्न होता.

आल्फ्रेडचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे झाला. त्याचे वडील इमॅन्युएल नोबेल हे घरे व पूल बांधणारे कल्पक कारागीर होते. परंतु मुलाच्या जन्माच्या सुमारास त्यांचे दिवाळे निघाले. काही वर्षांनी नशीब काढण्यासाठी ते परदेशी गेले आणि रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे स्थिरावले. मागे राहिलेल्या आईने, आन्द्रिएत्तेने, लहानसे दुकान चालवून मुलांचा सांभाळ केला. आल्फ्रेड प्रकृतीने नाजूक होता. त्याचे बालपण बरेचसे अंथरुणावर गेले. इतर मुले खेळत असता तो पुस्तकांत रमे.

१८४२ साली सारे कुटुंब सेंट पीटर्सबर्गला एकत्र आले. वडिलांचा तेथील कारखाना आता चांगला चालला होता. मुलांना शिकविण्यासाठी घरीच विद्वान शिक्षक येत. सतरा वर्षांचा होईपर्यंत आल्फ्रेडला स्वीडिश, रशियन, फ्रेंच, इंग्रजी व जर्मन ह्या पाच भाषा अवगत झाल्या. त्याला काव्याची गोडी होती आणि रसायनशास्त्राचीही. वडिलांनी त्याला रसायनशास्त्राच्या अभ्यासासाठी परदेशी धाडले. पॅरिसमध्ये पेलूझ नावाच्या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्याने काही काळ काम केले.

ह्याच पेलूझचा एक शिष्य म्हणजे इटलीचा आस्कानिओ सोब्रेरो. त्याने १८४७ साली ग्लिसरीनवर तीव्र आम्लांची क्रिया करून एक नवा पदार्थ तयार केला होता. तो तेलासारखा दाट व पिवळसर होता. त्याला पुढे नायट्रोग्लिसरीन हे नाव रूढ झाले. ह्या तेलाचा स्फोट बंदुकीच्या दारूपेक्षा कितीतरी जोरदार होता. परंतु तो केव्हा होईल ह्याचा नेम नव्हता. एखादा थेंब तापविला वा ठोकला, तरी धडाका होई. हे द्रव्य व्यवहारात आणण्याजोगे नाही, असे खुद्द सोब्रेरोचे मत होते.

त्या काळी डोंगर फोडण्यासाठी माणसाजवळ बंदुकीच्या काळ्या दारूखेरीज दुसरे साधन नव्हते. आपल्या महाराष्ट्रात मुंबई व पुणे ह्यांना जोडणारा लोहमार्ग १८५६ ते १८६३ ह्या काळात बोरघाटातून काढण्यात आला. तेथील पंचवीस बोगदे मजुरांनी हातांनी भोके पाडून आणि काळ्या दारूचे सुरुंग उडवून खोदले. ते काम किती कष्टाचे असेल, ह्याची कल्पना घाटातले काळे कातळ पाहून येते. जगभर लोहमार्ग, कालवे व खाणी ह्यांची कामे निघाली होती. अधिक जोरदार सुरुंगाची गरज सर्वांनाच भासत होती.

क्रिमियाचे युद्ध १८५६ साली संपले. युद्धसाहित्य पुरविणारा नोबेलांचा कारखाना बसला आणि वडिलांचे पुन्हा दिवाळे निघाले. आईवडील स्वीडनला परतले. १८६३ साली आल्फ्रेडही त्यांच्याकडे गेला. बापलेकांनी नायट्रोग्लिसरीनवर प्रयोग सुरू केले. ह्या तेलाला नुसती बत्ती दिल्याने त्याचा हुकमी स्फोट होत नाही, त्याला प्रथम एका लहान स्फोटाचा धक्का द्यावा लागतो, हे आल्फ्रेडने हेरले. त्यातूनच त्याने सुरुंगाची टोपी तयार केली. ती लहानशी टोपी आधी उडे आणि तिच्या धक्क्याने सारे तेल पेट घेई. स्फोट माणसाच्या इच्छेने घडविण्याची किल्ली त्याला सापडली. परंतु माणसाची इच्छा नसताना तो न घडू देण्याची किल्ली अजून सापडायची होती.

३ सप्टेंबर १८६४ ह्या दिवशी स्टॉकहोममधील हेलेनेबोर्ग येथील त्यांची प्रयोगशाळा भयंकर स्फोटाने उद्ध्वस्त झाली. तेथे काम करीत असलेला आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल आणि त्याच्याबरोबर आणखी काही माणसे जागच्या जागी मरण पावली. एमिल अवघा वीस वर्षांचा होता. वडिलांना हा आघात सोसला नाही. काही महिन्यांतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. एखाद्याने असा धंदा त्या दिवशीच सोडून दिला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. आल्फ्रेडने तो सोडला नाही. ह्या द्रव्याची गरज जगाला आहे, आपण सोडले तरी दुसरा कोणी ते करणारच, तेव्हा ते काबूत आणल्याखेरीज थांबायचे नाही, असा निश्चय त्याने केला असावा, असे त्याच्या पुढील वागणुकीवरून दिसते.

शहराच्या अधिकाऱ्यांनी मात्र वस्तीत नायट्रोग्लिसरीन बनविण्यास बंदी केली. ही बंदी योग्यच होती. आता कारखाना काढावा कोठे? कोणीही आपल्या शेजारी असा कारखाना होऊ देण्यास तयार नव्हते. तेव्हा आल्फ्रेडने मेलारेन नावाच्या सरोवरात एक मोठा पडाव नांगरला आणि त्यावर आपली भट्टी मांडली. चारी बाजूंना पाणी होते आणि जवळपास घर नव्हते. दुर्घटना झालीच, तर तिची झळ इतरांना पोहोचणार नव्हती. धोका नाहीसा करता येत नसेल, तर तो माणसांपासून दूर ठेवावा, हा सुरक्षिततेचा पहिला धडा त्याने भावाच्या मृत्यूनंतर असा गिरवला. पुढच्या वर्षी स्टॉकहोमजवळच टेकड्यांनी वेढलेल्या एका खाडीकाठी, विंटरव्हिकेन येथे, त्याने पक्का कारखाना उभारला. त्याच वर्षी जर्मनीत हॅम्बुर्गपासून काही अंतरावर, एल्बे नदीच्या काठी क्र्युमेल येथे, दुसरा कारखाना निघाला. ह्या जागाही त्याने मुद्दाम एकांतातल्या निवडल्या होत्या.

कारखाना दूर नेता येतो. पण माल तर तेथेच ठेवता येत नाही. तो खाणीपर्यंत, बोगद्यापर्यंत पोहोचवावाच लागतो. त्यासाठी त्याला गावांतून, बंदरांतून, आगगाडीच्या स्थानकांतून जावे लागते. खरे संकट येथेच उभे राहिले. नायट्रोग्लिसरीन डब्यांत किंवा कुप्यांत भरून, त्या कुप्या लाकडी पेट्यांत भुसा घालून ठेवीत आणि पेट्या जहाजांवर, गाड्यांवर चढवीत. ह्या तेलात बनवितेवेळचे आम्ल थोडेसे जरी उरले, तरी ते हळूहळू आपोआप बिघडू लागते. त्यातून वायू निघतो व डबा फुगून गळू लागतो. सुमारे तेरा अंशांखाली ते गोठते आणि गोठलेले पुन्हा वितळताना फार बेभरवशाचे होते. ह्या गोष्टी वाहून नेणाऱ्या हमालाला, गाडीवानाला वा खलाशाला कोणी सांगितलेल्या नसत. कित्येकदा पेटीवर आतील मालाचे खरे नावदेखील नसे.

नोव्हेंबर १८६५ मध्ये न्यूयॉर्क शहरातील एका उपाहारगृहात एक प्रवासी अशीच एक पेटी ठेवून निघून गेला. तेथील नोकराला आत काय आहे हे ठाऊक नव्हते. जोडे पुसण्यासाठी ती पेटी तो पाय टेकण्याला वापरीत असे. एके दिवशी तिच्यातून धूर निघू लागला. लोकांनी ती उचलून रस्त्यावर टाकली आणि क्षणात मोठा स्फोट झाला. आसपासच्या घरांची तावदाने फुटली, अनेक लोक जखमी झाले. सुदैवाने प्राणहानी टळली. पुढच्या वर्षी सुदैव पाठीशी नव्हते. ३ एप्रिल १८६६ रोजी पनामाच्या किनाऱ्यावर अस्पिनवॉल बंदरात नायट्रोग्लिसरीनच्या पेट्या असलेले एक जहाज उडाले व पन्नासच्या आसपास माणसे मेली. त्यानंतर तेराच दिवसांनी सॅन फ्रान्सिस्को शहरात, एका वाहतूक कंपनीच्या आवारात, गळणारी एक पेटी हातोडी व छिन्नी घेऊन उघडण्याचा प्रयत्न झाला. आत काय आहे हे उघडणाऱ्यांना माहीत नव्हते. त्या स्फोटात पंधरा माणसे दगावली.

ह्याच दिवसांत आल्फ्रेड अमेरिकेत येऊन पोहोचला होता. वर्तमानपत्रांतून त्याच्यावर टीकेचा भडिमार चालला होता. आपला पदार्थ नीट हाताळल्यास धोक्याचा नाही, हे तो परोपरीने सांगत होता. एका खडीच्या खाणीत त्याने लोकांसमोर प्रयोगही करून दाखविले. परंतु येथे त्याची एक चूक मान्य केली पाहिजे. आपल्या द्रव्याचा स्वभाव पुरता ओळखण्याआधीच त्याने ते जगाच्या वाटांवर सोडले होते. तज्ज्ञाच्या हाती एखादी वस्तू सुरक्षित असणे वेगळे आणि अनोळखी हमालाच्या खांद्यावर, खडखडणाऱ्या गाडीत, उन्हातान्हात ती सुरक्षित असणे वेगळे. हा भेद त्याला उशिरा उमगला. त्या उशिराची किंमत निरपराध माणसांनी दिली.

जुलै १८६६ मध्ये अमेरिकेने ह्या द्रव्याच्या वाहतुकीसाठी एक कायदा केला. उतारू बसलेल्या जहाजातून वा गाडीतून ते नेण्यास मनाई झाली. ते धातूच्या भांड्यात भरावे, भोवती न पेटणारा पदार्थ घालावा आणि बाहेर धोक्याची स्पष्ट सूचना लिहावी, असे ठरले. अमेरिकेच्या पश्चिम भागात लोहमार्ग बांधणाऱ्यांनी आणखी निराळी युक्ती केली. तयार तेल दुरून आणण्याऐवजी त्यांनी ते डोंगरातच, बोगद्याजवळ, रोज लागेल तेवढे तयार करविले. ज्या वाटेने धोकादायक वस्तू न्यावीच लागत नाही, तीच सर्वांत सुरक्षित वाट होय, असे त्यांना उमगले.

आल्फ्रेडही अडचणीवर उपाय शोधीत होता. त्याने प्रथम तेलात लाकडापासून निघणारा मद्यार्क मिसळून पाठविण्यास सुरुवात केली. असे मिश्रण सहसा उडत नसे, पण वापरण्यापूर्वी ते पुन्हा वेगळे करावे लागे. ही खटपट खाणीतल्या कामगारांना जमण्यासारखी नव्हती. इतक्यात १८६६ सालीच क्र्युमेलचा कारखानाही स्फोटाने नष्ट झाला. तेव्हा आल्फ्रेडने एल्बे नदीत एक तराफा नांगरून त्यावर आपले प्रयोग चालू ठेवले. तेल शोषून घेईल असा एखादा निरुपद्रवी पदार्थ त्याला हवा होता. त्याने कोळशाची पूड, लाकडाचा भुसा, विटांची भुकटी असे नाना पदार्थ पारखून पाहिले. अखेर त्या भागात सापडणारी कीसेलगूर नावाची पांढरट, हलकी माती त्याच्या उपयोगी पडली. अतिसूक्ष्म जलवनस्पतींच्या कवचांची ही माती असंख्य छिद्रांनी भरलेली असते. तीन भाग नायट्रोग्लिसरीन व एक भाग माती एकत्र मळले की कणकेसारखा गोळा तयार होई. तो कागदात गुंडाळून त्याच्या कांड्या करता येत. ह्या कांड्या गळत नसत, धक्क्याने सहसा उडत नसत आणि टोपीवाचून त्यांचा स्फोट होत नसे.

ह्या नव्या पदार्थाला आल्फ्रेडने शक्ती ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून डायनामाइट हे नाव दिले आणि १८६७ साली त्याचे एकस्व घेतले. त्याच वर्षी जुलै महिन्यात इंग्लंडमधील मर्स्टम येथील एका खाणीत त्याने लोकांना बोलावून परीक्षा दिली. डायनामाइटची एक पेटी त्याने उंच कड्यावरून खाली फेकली. ती उडाली नाही. दुसरी पेटी पेटत्या विस्तवावर ठेवली. ती जळून गेली, पण उडाली नाही. मग टोपी लावून त्याने तोच पदार्थ उडवून दाखविला, तेव्हा खडक फुटून बाजूला झाला. धक्का आणि आग ही वाटेवरची दोन मोठी संकटे. ह्या दोहोंसमोर आपला माल उभा करून त्याने आपली बाजू मांडली.

तरीही लोकांचा विश्वास लगेच बसला नाही, आणि तसे होणे स्वाभाविकच होते. साधे नायट्रोग्लिसरीन अजूनही इकडून तिकडे जात होते. डिसेंबर १८६७ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरात एका तळघरात ह्या तेलाचे काही डबे सापडले. ते नष्ट करण्यासाठी गावाबाहेरील माळावर नेले असता स्फोट झाला आणि नगराच्या अधिकाऱ्यांसह आठ जण मेले. १८६९ सालच्या जून महिन्यात वेल्समध्ये दगडाच्या खाणीकडे नायट्रोग्लिसरीन घेऊन निघालेल्या दोन घोडागाड्या भर वस्तीजवळ उडाल्या. गाडीवानांबरोबर रस्त्यावरची निरपराध माणसेही त्यात सापडली. ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी कडक कायदा करून परवान्यावाचून हे तेल बनविणे, आणणे, विकणे वा वाहून नेणे बंद केले. डायनामाइटमध्येही हेच तेल असल्याने तेही त्या बंधनात आले. आगगाडीच्या कंपन्या तर ते घेऊन जाण्यास मुळीच तयार नव्हत्या.

ह्या अडचणीवर आल्फ्रेडने जो मार्ग काढला, तो लक्षात घेण्याजोगा आहे. एका ठिकाणी मोठा कारखाना काढून सर्व जगाला माल पुरविण्याऐवजी त्याने देशोदेशी, गरज असेल तेथे, निरनिराळे कारखाने काढले. त्यामुळे मालाचा प्रवास आखूड झाला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्डीर येथे वाळूच्या टेकड्यांचा एक ओसाड पट्टा होता. १८७१ नंतर तेथे त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. तेथे एकच मोठी इमारत नव्हती. वाळूच्या उंच बांधांआड लहान लहान झोपड्या दूर दूर बांधल्या होत्या. एका झोपडीत स्फोट झाला, तर दुसरीला त्याची झळ लागू नये, अशी ती रचना होती. आगगाडी माल घेत नसल्याने तो समुद्रमार्गे जहाजांनी जाई, आणि तो मार्ग वस्तीपासून दूर असल्याने एका परीने चांगलाच होता. नायट्रोग्लिसरीनच्या भांड्याची उष्णता सतत पाहण्याचे काम ज्या कामगाराकडे असे, त्याला बसण्यास एका पायाचे तिवईसारखे आसन दिलेले असे. त्याला डुलकी लागली की तो आसनासकट कलंडे व जागा होई. एका माणसाची क्षणभराची झोप अनेकांच्या जिवाशी गाठ घालू शकते, हे त्या साध्या आसनामागचे तत्त्व होते.

डायनामाइटमुळे जगाचा चेहरा बदलला. आल्प्स पर्वताच्या पोटातून जाणारा सेंट गॉटहार्डचा बोगदा १८७२ ते १८८२ ह्या काळात खोदला गेला, त्यात हाच सुरुंग वापरला होता. पुढे आल्फ्रेडने स्फोटक जेली व धूर न करणारी दारूही शोधून काढली. त्याच्या नावावर ३५५ एकस्वे जमा झाली. वीसहून अधिक देशांत त्याचे कारखाने व प्रयोगशाळा पसरल्या. त्याला अफाट संपत्ती मिळाली. परंतु त्याला संसार नव्हता, प्रकृती सदा नाजूक होती आणि आयुष्य प्रवासात जात होते.

ह्याच घराण्याने वाहतुकीच्या सुरक्षिततेत आणखी एक भर घातली. आल्फ्रेडचे वडील बंधू रॉबर्ट व लुडविग ह्यांनी कास्पियन समुद्राच्या काठी बाकू येथे खनिज तेलाचा मोठा उद्योग उभा केला. त्यात आल्फ्रेडचेही भांडवल होते. त्या काळी तेल लाकडी पिंपांतून नेत. पिंपे गळत, फुटत, पेट घेत. लुडविगने १८७८ साली जहाजाच्या पोटातच लोखंडी टाक्या बसवून झोरोॲस्टर नावाचे तेलवाहू जहाज तयार करविले. पुढे १८८१ साली त्यांच्या एका जहाजात रॉकेल भरीत असता वाऱ्याच्या झोताने नळी निसटली, तेल सांडले व स्फोट झाला. तेव्हा लुडविगने जहाज हलले तरी न निसटणारी, न गळणारी लवचीक नळी बनविली. आज कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीत टाकीची मोटार उभी करून नळीने तेल वा तेजाब उतरवितात. त्या टाकीच्या व नळीच्या मागे अशा अनेक चुकांचा व सुधारणांचा इतिहास आहे.

आल्फ्रेडचा मृत्यू १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतील सान रेमो येथे झाला. मृत्यूपूर्वी सुमारे वर्षभर त्याने आपले मृत्युपत्र केले होते. आपल्या संपत्तीचा बहुतेक सर्व भाग त्याने मानवजातीचे कल्याण करणाऱ्यांना पारितोषिके देण्यासाठी ठेवला. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, साहित्य आणि शांतता ह्या पाच क्षेत्रांत ही पारितोषिके १९०१ पासून दिली जाऊ लागली. रवींद्रनाथ टागोरांना १९१३ साली साहित्याचे आणि चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांना १९३० साली पदार्थविज्ञानाचे पारितोषिक मिळाले. ज्याच्या शोधाचा युद्धातही उपयोग झाला, त्याने शांततेसाठी धन ठेवावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

नोबेलच्या काळातले धडे जगाने नेहमीच ध्यानात ठेवले असे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही भरल्या होत्या. कापसाला आग लागली. ती विझविता विझविता दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. आग विझविणाऱ्या दलातील ६६ जवान आपले कर्तव्य करीत असता मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. पेटणारी वस्तू व उडणारी वस्तू शेजारी ठेवू नये, आणि असा माल दाट वस्तीच्या गोदीत आणू नये, हा साधा नियम त्या दिवशी मोडला गेला होता.

आता आपल्या देशात ह्याबाबत पुष्कळ नियम आहेत. स्फोटकांविषयीचा कायदा १८८४ सालापासून आहे, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या महाराष्ट्रातच, नागपूर येथे आहे. १९८९ सालच्या मोटार वाहन नियमांप्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या मोटारीवर धोक्याचे चित्र असलेली पाटी लावावी लागते. आतील पदार्थाचे नाव, त्याचा क्रमांक आणि संकटसमयी कोणाला कळवावे, हेही बाहेर लिहावे लागते. चालकाला खास शिक्षण घ्यावे लागते. आपण काय नेत आहोत आणि ते सांडल्यास काय करावे, हे सांगणारा लेखी कागद त्याच्याजवळ असावा लागतो. न्यूयॉर्कमधील जोडे पुसणाऱ्या त्या नोकराला जे ठाऊक नव्हते, ते आज प्रत्येक चालकाला ठाऊक असावे, हा त्यामागील हेतू होय.

परंतु नियम कागदावर असून भागत नाही. वाट निवडताना विवेक लागतो. नकाशावर दोन गावांमधील सर्वांत आखूड रेघ नेहमीच सर्वांत चांगली वाट नसते. आखूड वाट बाजारातून, शाळेवरून, रुग्णालयावरून जात असेल आणि थोडी लांबची वाट माळावरून जात असेल, तर लांबचीच वाट बरी. सांडलेला पदार्थ ओढ्यात उतरून नदीला मिळेल काय, हेही पाहावे लागते. कृष्णेचे पाणी पिणाऱ्या सांगली-मिरजेच्या परिसराला ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. दिवसाची वेळ पाहावी लागते, कारण शाळा सुटण्याच्या वेळी जो रस्ता गजबजलेला असतो, तो पहाटे मोकळा असतो. वाटेतील चढउतार, तीव्र वळणे, अरुंद पूल व रेल्वेची फाटके पाहावी लागतात. मोटार थांबवायची झाली तर कोठे थांबवावी आणि आग लागली तर बंब किती वेळात पोहोचेल, ह्याचाही आधी विचार करावा लागतो. हे सर्व तोलून जी वाट ठरते, तीच खरी सुरक्षित वाट.

मुलांनीही ह्यात आपला वाटा उचलावा. अशी मोटार दिसली तर तिच्या मागे सायकलीने लागू नये. ती कलंडलेली वा गळत असलेली आढळली, तर कुतूहलाने जवळ जाऊ नये, सांडलेल्या पदार्थाला हात लावू नये. वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूस दूर जावे, मोठ्या माणसांना सांगावे आणि ११२ ह्या क्रमांकावर कळवावे.

स्टॉकहोमच्या त्या उद्ध्वस्त प्रयोगशाळेत एमिल नोबेल मेला, तेव्हा अशी पाटी नव्हती, असा कागद नव्हता, अशी ठरविलेली वाट नव्हती. त्याचा भाऊ पुढे बत्तीस वर्षे जगला, आणि त्या वर्षांतला मोठा भाग त्याने आपल्याच द्रव्याला लगाम घालण्यात खर्च केला. त्याला ते सर्वस्वी साधले नाही, कारण कोणतेही द्रव्य स्वतः जबाबदार होत नाही. जबाबदार माणसाला व्हावे लागते. कुपवाडच्या रस्त्यावरून संथपणे जाणारी ती पाटी लावलेली मोटार जेव्हा आपला माल सुखरूप उतरवून रिकामी परत फिरते, तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही की काही घडले. काहीच न घडणे, ह्यातच त्या सर्व कष्टांचे सार्थक आहे.